पळवलेले उंदीर जातात कुठे?

भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या की "साहेब, उंदराचं काय करायचं?" हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. तोवर घरचे तीनचार उपाय करून झालेले असतात. बिळात डांबरगोळ्या टाकल्या, लसणाचं पाणी ओतलं, मिरचीची धुरी दिली, न्हाव्याकडून केस आणून पसरले. परसातल्या वांग्यांपासून उसाच्या फडापर्यंत तऱ्हा हीच. आता आवाज काढणारे, जमिनीत कंप सोडणारे खुंटेही बाजारात आले आहेत.

याने उंदीर जातो का? माझं उत्तर, नाही. गेलाच तर चार दिवस, तेही शेजाऱ्याच्या बांधावर.

आपल्या शेतात बिळं करणाऱ्यांत मोठी मानकरी म्हणजे घूस. तिच्या बिळाला बहुधा एकाहून जास्त तोंडं असतात, आत चोरलेल्या धान्याचं कोठार असतं आणि तोंड आतून मातीने बुजवून ती निवांत बसते. तुम्ही एका तोंडात दोन डांबरगोळ्या टाकता. ती पुढे माती लोटते आणि हातभर अंतरावर नवं तोंड काढते. जुनं तोंड बंद दिसलं की आपण म्हणतो, पळाली! धुरीचंही तसंच. हां, धुरी देताना दुसऱ्या तोंडाशी काठी घेऊन गडी उभा असेल तर गोष्ट वेगळी. पण ते पळवणं नव्हे, मारणं झालं.

आवाजाच्या यंत्राचं तर विचारूच नका. कानाला ऐकू न येणारा तो बारीक आवाज मातीतून आरपार जात नाही, आणि उघड्यावर ऐकू आला तरी उंदीर त्याला सरावतो. अमेरिकेत २००१ साली तिथल्या संघीय व्यापार आयोगाने अशी यंत्रं करणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना, दाव्याला शास्त्रीय पुरावा हवा, अशी ताकीद दिली होती. इथे मात्र दुकानदार सांगेल ते खरं.

बांधावरच्या गिरिपुष्पाला लोक उंदीरमारी म्हणतात. मध्य अमेरिकेत त्याची साल-पाला धान्याबरोबर शिजवून उंदरांना घालण्याची रीत होती, नाव त्यावरून. नुसतं झाड लावल्याने उंदीर लांब राहतो असं नाही. हिरवळीच्या खतासाठी ते जरूर लावा.

मग लोकांना गुण येतो तो कसा? बहुतेकदा काढणी होते, दाणा संपतो आणि उंदीर आपणहून दुसरीकडे सरकतो. श्रेय गोळ्यांना. खात्री करायची तर संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने लिंपा, सकाळी उघडलेली मोजा. ती जिती बिळं. निम्म्यांवर तुमचा उपाय करा, निम्मी तशीच ठेवा, आठवड्याने पुन्हा लिंपून मोजा. एका काकांनी हे माझ्यासमोर केलं. दोन्हीकडची बिळं जवळपास सारखीच उघडली. काका हसले, पण गोळ्यांचे पैसे गेले ते गेलेच.

पैशापेक्षा मला भीती वेगळीच आहे. पळवून थकलेला माणूस एकदम जहरावर येतो. बिळात फोरेट टाकण्याची खोड अनेकांना होती. त्यावर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे, कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. झिंक फॉस्फाईड वापरायचं तर रीतीने वापरा. जित्या बिळात आधी दोनतीन दिवस नुसता भरडा तेल लावून ठेवा, म्हणजे उंदीर विश्वासतो. मग वजनाने ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल, २ भाग औषध, काठीने कालवून, हातमोजे घालून. दहा ग्रॅमची पुडी बिळात खोल सारा आणि तोंड बुजवा. यावर उतारा नाही, म्हणून पोरंबाळं, कुत्री, कोंबड्या लांब. मेलेले उंदीर पुरा. वाचलेले उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाहीत, त्यांच्यासाठी ब्रोमाडिओलोन. आणि शेतात आडव्या काठीचे पक्षिथांबे उभारा. गव्हाणी घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारणारे अजून आहेत. रात्रभर फुकट राखण करणारा असा गडी दुसरा नाही.

मात्र एकट्याने केलेलं टिकत नाही. घुशीची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते. तुमचं रान मोकळं झालं की शेजारची वस्ती तुमच्याकडे येते. मे-जूनला रानं रिकामी असताना, उंदराला खायला फारसं नसताना, सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात काम करायला हवं. रुंद, गवताळ बांध घुशीचे वाडे असतात, तेही त्याच वेळी साफ करून अरुंद करावेत. यात अडचण औषधाची नाही, बांधाच्या भांडणाची आहे. दोन भाऊ कोर्टात असले की मधला बांध कुणी खणायचा, यावर माझ्याकडे औषध नाही. तिथे गावच्या चार जाणत्यांनीच मध्ये पडायला हवं, तेही पाऊस लागायच्या आत.