फायरफायटरचा सूट: आग अडवली, पण घाम आणि केमिकलचं काय?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १ जानेवारी २०२७ पासून पीएफएएस मुद्दाम वापरलेले फायरफायटरचे सूट विकता येणार नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये तसा कायदा झाला. पीएफएएस म्हणजे निसर्गात सहजासहजी न विघटणारी हजारो रसायनं. त्यातल्या काहींचा संबंध कॅन्सरशी जोडला गेला आहे. मग जीव वाचवणाऱ्या कपड्यात ती आली कुठून? उत्तराचा मोठा भाग लॅबमधल्या एका टेस्टमध्ये सापडतो.

सूटच्या आत काय असतं?

तीन थर. बाहेरचं कापड ज्वाळा आणि ओरखडे सोसतं. सगळ्यात आतलं अस्तर हवा धरून ठेवतं, त्यामुळे उष्णता अंगापर्यंत उशिरा पोचते. या दोघांच्या मध्ये असतो मॉइश्चर बॅरियर. तो बाहेरचं पाणी अडवतो, पण घामाची वाफ बाहेर जाऊ देतो.

हा पडदा बहुतेक वेळा सच्छिद्र पीटीएफईचा असतो. तुमचा फोन वॉटर रेझिस्टंट असेल, तर त्याच्या माइक-स्पीकरच्या भोकावरही बहुधा असाच पडदा असेल. आवाज आत जातो, पाणी जात नाही. पीटीएफई हे पीएफएएस कुटुंबातलंच. फोनमध्ये ते टिकलीएवढं असतं, इथे अंगभर.

दोन आकड्यांची ओढाताण

अमेरिकेच्या एनएफपीए मानकात दोन आकडे महत्त्वाचे आहेत. पहिला टीपीपी, म्हणजे आगीपासूनचं संरक्षण. तो किमान ३५ हवा. सोप्या भाषेत, लॅबमधल्या प्रखर ज्वाळेसमोर दुसऱ्या डिग्रीची भाजण्याची वेळ साधारण १७.५ सेकंदांनी यावी. खोलीतलं सगळं सामान जवळजवळ एकदम पेटतं तेव्हा बाहेर पडायला मिळतो तो एवढाच वेळ.

दुसरा टीएचएल, म्हणजे शरीराची उष्णता किती बाहेर पडते. तो दर चौरस मीटरला किमान २०५ वॅट हवा. कापड जाड केलं की पहिला आकडा वाढतो आणि दुसरा घसरतो. जास्त जाड सूट म्हणजे जास्त सुरक्षित, हे गणित इथे चालत नाही.

कारण अमेरिकेत ड्युटीवर मृत्यू पावणाऱ्या फायरफायटरमध्ये अनेक वर्षं सर्वात मोठा वाटा अचानक हृदय बंद पडण्याचा राहिला आहे. हवेचं सिलिंडर धरून अंगावर २० किलोच्या वर ओझं, वर जिने, त्यात शरीर आतून तापलेलं. शिवाय टीएचएल मोजतात २५ अंश तापमानात आणि ६५ टक्के आर्द्रतेत. मुंबईच्या जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे घाम सुकायला वावच कमी. लॅबचा आकडा तिथे जसाच्या तसा मिळणार नाही.

टेस्ट पास, प्रश्न कायम

याच मानकात मधल्या पडद्याला ४० तास अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात टिकायची अट होती. हा पडदा दोन कापडांच्या मध्ये शिवलेला. त्याला ऊन लागणार कधी? फायरफायटरांच्या युनियनने, म्हणजे आयएएफएफने, मार्च २०२३ मध्ये एनएफपीएवर केस केली. या अटीमुळे पीएफएएसशिवाय पर्यायच उरत नाही, असा त्यांचा दावा. आम्ही कोणतंही मटेरियल सक्तीचं केलेलं नाही, असं एनएफपीएचं म्हणणं.

सॉफ्टवेअरमध्ये हे रोज दिसतं. बेंचमार्क जे मोजतो, त्यासाठीच प्रॉडक्ट घडत जातं. तो प्रत्यक्ष वापराशी जुळत नसेल, तर किंमत युजर मोजतो.

अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये दाखवलं की घर्षण आणि उष्णतेनंतर सूटच्या कापडांत मोजता येणारं पीएफएएस वाढतं. त्यातलं शरीरात किती जातं, हे मात्र त्या अभ्यासाने मोजलेलं नाही.

पर्यायही फुकट येत नाहीत. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या चाचण्यांत पीएफएएसविना बाहेरच्या कापडाने पाणी झटकलं, पण तेल झटकलं नाही. डिझेल शोषलेला कोट आगीजवळ नेणं म्हणजे वेगळंच संकट.

वापरतानाची काळजी

२०२२ मध्ये आयएआरसीने फायरफायटरचं काम कॅन्सरकारक गटात टाकलं. तिथे धूर आणि काजळीचाही वाटा आहे, म्हणून सवयी महत्त्वाच्या:

- आगीतून बाहेर आल्यावर जागेवरच साबण-पाण्याने ब्रश मारायचा. एका अभ्यासात यामुळे कोटावरची काही घातक रसायनं सुमारे ८५ टक्के कमी झाली.
- विश्रांतीच्या वेळी कोट काढायचा. नाहीतर आतली उष्णता आतच राहते.
- मळका सूट झोपायच्या खोलीत किंवा घरी न्यायचा नाही.
- साइज अंगाची हवी. कापड ताणून अंगाला चिकटलं की मधली हवा दबते आणि तिथे लवकर भाजतं. पुरुषांच्या मापाचा सूट महिलेला देणं हाही सुरक्षेचाच प्रश्न.

आपल्याकडे आयएस १६८९० हे भारतीय मानक आहे. तुमच्या शहरात नव्या सूटची खरेदी झाल्याची बातमी आली, तर फोटोपलीकडे तीन गोष्टी विचारा: प्रत्येकाला स्वतःच्या मापाचा सूट मिळाला का, एक धुवायला गेला तर घालायला दुसरा आहे का, आणि तो धुवायची सोय केंद्रावर आहे का? एकच सूट असेल, तर काजळी लागलेला तोच कोट पुढच्या कॉललाही अंगावर चढतो.