दुधाच्या नावाची बाटली



परवा एका घरी पारण्याला गेले होते. जेवणं आटोपली आणि घरच्या काकू मुखवास फिरवावा तशी पांढऱ्या औषधाची बाटली आणि चमचा घेऊन फिरू लागल्या. "घ्या हो, मिल्क ऑफ मॅग्नेशिया आहे. दूधच ते!" मी नको म्हटलं, तर चौघींना मी शिष्ट वाटले. वाटू दे.

त्यात दुधाचा थेंब नसतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हे खनिज पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते पाणी पांढरं दिसतं, एवढंच. अमेरिकेतल्या चार्ल्स फिलिप्स यांनी १८७३ साली त्याचं पेटंट घेतलं. चमचा-दोन चमचे घेतलं तर पोटातलं आम्ल मारतं. जास्त घेतलं की आतड्यात पाणी ओढून धरतं आणि अर्ध्या तासापासून सहा तासांत पोट साफ करतं. बाटली एक, कामं दोन. मग पंगतीत अंदाजाने चमचे ओतायचे कशाला?

आणि गंमत बघा. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या आपल्यातल्याच काही जणी रात्री दहाला हे घेतात. का, तर "औषधाला चालतं." बरं, चालू दे. पण रात्री जे औषध, ते सकाळी शेजारणीला देताना साधं दूध कसं होतं? मी बी.कॉम. आहे. एकाच मालाच्या अशा दोन वह्या ठेवणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो, ते सांगत नाही.

माझ्या नणंदेची थायरॉइडची गोळी वर्षभर वाढतच होती. रिपोर्ट काही सुधारेना. शेवटी कळलं, वन्सं पहाटे गोळी घ्यायच्या आणि लगेच पित्तासाठी हे दोन चमचे. त्यामुळे गोळी अंगाला नीट लागतच नव्हती. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्स यांचंही तसंच. डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" असं विचारलं होतं, पण "दूध" कोण सांगणार?

याहून मोठी काळजी मूत्रपिंडाची. जादा मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकायचं काम त्यांचं. ती थकलेली असली, आणि आपल्या वयात, मधुमेहात ती पुष्कळदा थकलेली असतात, तर ते रक्तात साठत जातं. गळून जाणं, सुस्ती, रक्तदाब उतरणं, नाडी मंदावणं. घरचे म्हणतात, उपवासाचा थकवा असेल.

औषधाशी माझं भांडण नाही. माझ्याही घरी बाटली आहे, डॉक्टरांना विचारून कधीतरी घेते. भांडण आहे ते वाढप्याच्या चमच्याशी. पारण्याला मुगाचं पाणी आधी द्यायचं सोडून श्रीखंड-पुरी, भजी आग्रहाने वाढायची, आणि वर हा उतारा! भुकेपेक्षा चार घास कमी खाणं, अवमौदर्य, हेही तपच आहे ना? उपवास मोजतो आपण, हे कुणी मोजत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे जाऊबाईंचं पारणं आहे. मुगाचं पाणी, मऊ भात, तूप. बाटली कपाटात राहील. कुणाला राग आला तर घरी येऊन भांडा, पण सूर्यास्ताआधी या.