शासकीय गुपिते अधिनियम आणि खानदेशातील आयुध निर्माणी
जळगाव जिल्ह्यात भुसावळ व वरणगाव येथे आयुध निर्माणी आहेत. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाल्यावर त्या अनुक्रमे यंत्र इंडिया आणि म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपन्यांकडे आल्या. संरक्षण आस्थापनांविषयीच्या हेरगिरीसाठी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मध्ये १४ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

नोकरीच्या प्रारंभी होणारी पोलीस चारित्र्य पडताळणी उमेदवाराचा पूर्वेतिहास तपासते. पुढे जुळणारे संबंध तीत दिसत नाहीत. मे २०२३ मध्ये पुण्यातील डीआरडीओ प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना अटक झाली. पाकिस्तानी हस्तकास समाजमाध्यमांद्वारे गोपनीय माहिती दिल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप इतक्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर असल्याने सेवाकाळातील फेरपडताळणीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.