रिबात : किल्ला की मठ?

मोरोक्कोच्या राजधानीला रबात हे नाव 'रिबात' या अरबी शब्दावरून मिळाले. रिबात म्हणजे तटबंदीचा मठ. ट्युनिशियातील मोनास्तीरचा रिबात इ. स. ७९६ चा, सूसच्या रिबाताच्या मनोऱ्यावर ८२१ सालचा लेख आहे. तेथील लोक समुद्रावर पहारा करीत, नमाज पढत, अध्ययन करीत. अकराव्या शतकात याच शब्दाशी नाते सांगणाऱ्या अल्-मुराबितांनी तलवारीच्या बळावर साम्राज्य उभारले. पुढे अनेक ठिकाणी रिबात हे सूफी साधकांचे निवासस्थान झाले.

कोणी रिबाताला नुसता लढाईचा अड्डा म्हणतात, कोणी नुसते भक्तिस्थान. आम्हांला दोन्ही अर्धसत्ये वाटतात. वाचकहो, मुलांना सगळेच सांगावे. आपल्या बेटावर मशीद आणि मंदिर शेजारी आहेत; अर्धवट इतिहासाने शेजाऱ्याविषयी मनात अढी बसते.