धावणाऱ्या पायांना बळाची जोड

गेल्या वर्षी अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ तपासणीसाठी आले. निवृत्तीनंतर त्यांनी धावण्याचा छंद जोपासला होता आणि साताऱ्याच्या घाटातील २१ किलोमीटरची शर्यत दोनदा पूर्ण केली होती. रक्तदाब, साखर, हृदय सारे उत्तम. तरी चेहरा उतरलेला. आदल्या आठवड्यात त्यांच्या पत्नी न्हाणीघरात घसरल्या. सुदैवाने इजा झाली नाही, पण ह्यांना त्यांना उठवता आले नाही. शेजाऱ्यांना हाक मारावी लागली. "डॉक्टर, इतका धावतो, मग अंगात बळ का नाही?"

प्रश्न रास्त होता. धावण्याने हृदय, फुप्फुसे आणि स्नायूंतील चिवट, संथ तंतू सुदृढ राहतात. मात्र ओझे उचलताना, तोल सावरताना लागणारे वेगवान तंतू वयोमानाने अधिक झिजतात आणि केवळ धावण्याने त्यांना पुरेसे काम मिळत नाही. हात, खांदे व पाठ तर उपेक्षितच राहतात.

"पण ह्या वयात वजने?" ही त्यांची पुढची शंका. १९९० साली बोस्टन येथील वृद्धसेवा केंद्रात नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धांवर एक प्रयोग झाला. आठ आठवडे देखरेखीखाली मांड्यांचा भारव्यायाम करून घेतला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. स्नायू वयाकडे पाहत नाहीत. त्यांना काम हवे असते.

आरंभ साधा असावा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलणे, रबरी पट्टा छातीकडे ओढणे. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा. हे सोपे वाटू लागले, की मगच हाती एक-दोन किलोंचे वजन घ्यावे व ते हळूहळू वाढवावे. वजन उचलताना श्वास सोडावा. रोखून धरल्यास रक्तदाब एकाएकी चढतो. लांब धावण्याच्या दिवशी हा व्यायाम टाळावा.

दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकणे स्वाभाविक आहे. सांध्यातील तीव्र कळ मात्र नव्हे. छातीत दुखले, भोवळ आली, तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, ठिसूळ हाडे, हर्निया किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आहारात डाळी, उसळी, दूध, दही, चालत असल्यास अंडी वाढवावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र विचारूनच.

घरच्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून द्यावी, जवळ उभे राहावे. पण प्रेमापोटी वडीलधाऱ्यांच्या हातची पिशवी दर वेळी काढून घेऊ नये.

आठ महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले. ह्या खेपेस पत्नीही सोबत होत्या. "हल्ली आम्ही दोघे मिळून खुर्चीवरून उठतो-बसतो," त्या हसून म्हणाल्या. "आता मला उठवायला ह्यांची गरज फारशी पडणार नाही." मला तर हेच उत्तर अधिक मोलाचे वाटले.