फोमचा फिल्टर आणि घरातली मोरी

पिंपरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून छापत नाही. सप्रेम जय भीम करून त्या लिहितात की, त्यांचा धाकटा मुलगा बारावीनंतर एका गॅरेजवर कामाला लागला. तिथे मातीत उड्या मारायच्या शर्यतीच्या मोटारसायकली येतात. शनिवारी रात्री तो पिशवीतून चार-पाच स्पंज घरी आणतो आणि मोरीत बसून पेट्रोलमध्ये धुतो, कारण रविवारी सकाळी गाड्यांचा सराव असतो. "घरभर वास सुटतो, माझे डोके दुखते, त्याच्या हाताची कातडी निघते. बोलले तर म्हणतो, आई, सगळे असेच करतात. हे खरे का? आणि त्या एवढ्याशा स्पंजाची एवढी काय मातब्बरी?"

आधी पेट्रोलचे बोलू, कारण ती गोष्ट पुढच्या शनिवारची वाट पाहण्यासारखी नाही. पेट्रोलने धुणे आजपासून बंद करावे. सगळे असेच करतात हे बरेचसे खरे आहे, पण म्हणून ते बरोबर होत नाही. रॉकेल पेटायला थोडी ऊब लागते. साधारण ३८ अंश सेल्सियसच्या खाली त्याची वाफ सहसा पेट घेत नाही. पेट्रोल मात्र उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटण्याइतकी वाफ सोडते. म्हणजे आपल्या घरात बारा महिने चोवीस तास. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती छताकडे जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते आणि ओट्याखाली साचते. दहा बाय बाराच्या खोलीत मोरी आणि शेगडी यांत अंतर ते किती? चहासाठी काडी ओढली, दिव्याचे बटण दाबले, फ्रिज आपोआप सुरू झाला, तरी तेवढी ठिणगी पुरते.

हातांचे दुखणे निराळे. पेट्रोल कातडीतला स्निग्धपणा ओढून घेते आणि मग भेगा पडतात. त्यात बेन्झीन नावाचे द्रव्यही असते. बी.एस. ६ च्या पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत असू शकते. टक्का लहान दिसतो, पण हाडांच्या मगजात जिथे रक्त तयार होते तिथे बेन्झीन घाव घालते. वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला अजून चाळीस वर्षे हाताने काम करायचे आहे.

आता चिरंजीवांना लवकर पटेल असे तिसरे कारण सांगतो. या फोमचे बहुधा दोन थर असतात, बाहेरचा जाड्या छिद्रांचा आणि आतला बारीक छिद्रांचा. ते एकमेकांना चिकटवलेले असतात. पेट्रोलने तो डिंक सुटतो, फोम फुगतो, शिवण उसवते. म्हणजे जी वस्तू स्वच्छ करायला घेतली तीच निकामी होते.

ताईंचा दुसरा प्रश्न मातब्बरीचा. त्याला थोडा हिशेब करू. २५० सीसीचे फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढते. मिनिटाला ८००० फेरे धरले तर ४००० वेळा ओढते, आणि प्रत्येक वेळी पाव लिटर. पूर्ण रेस दिलेली असताना मिनिटाला हजार लिटर हवा झाली, थोडे कमी-जास्त. चाळीच्या गच्चीवर पाण्याची हजार लिटरची काळी टाकी असते ना, तेवढी हवा दर मिनिटाला त्या स्पंजातून जाते. आणि ती हवा साधी नसते. पुढे धावणाऱ्या दहा गाड्यांनी उडवलेला धुरळा त्यात असतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. ती ज्यांनी पाहिली त्यांना मातीच्या ट्रॅकवर गाड्या कशा धावतात हे सांगायला नको.

मातीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. असा कण इंजिनात शिरून तेलात मिसळला की व्हॉल्व्ह बसवताना आपण जी घासायची पेस्ट लावतो तशीच पेस्ट तयार होते. ती पेस्ट रिंगा खाते, बोअर खाते, फोर स्ट्रोकमध्ये हवेच्या बाजूचा व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक खाते. टू स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमधून जाते, म्हणून तिथे क्रँकच्या बेअरिंगाही वाचत नाहीत. मग गाडी किकला दाद देत नाही, ओढ कमी होते, धूर मारू लागते. मालक म्हणतो, नवीनच गाडी, कंपनीचा माल खराब. कंपनीचा माल खराब नसतो. शनिवारी रात्री घाईत धुतलेला स्पंज खराब असतो. फोमच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च पिस्टन-बोअरच्या कामाला येतो, आणि बोल लागतो तो हाताखालच्या पोराला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, म्हणजे बाकी सगळे आपोआप समजते. फोमची छिद्रे धुळीच्या कणापेक्षा मोठी असतात. कोरडा फोम खडे अडवील, पाने अडवील, धूळ अडवणार नाही. धूळ अडवते ते तेल. माशांसाठी चिकट कागद टांगतात तसे हे काम आहे. वळणावळणाच्या छिद्रांतून जाताना कण कुठे तरी तेलाला टेकतो आणि तिथेच राहतो. म्हणून स्वच्छ धुतलेला पण तेल न दिलेला फिल्टर हा मळक्या फिल्टरपेक्षा घातक. मळक्याने निदान गाडी गुदमरते आणि कळते. कोरडा दिसायला छान दिसतो आणि आतून इंजिन खातो.

आता धुण्याची रीत. गाडीवरून फिल्टर काढताना त्याच्यावरची माती हवेच्या नळीत पडू देऊ नये. काढल्याबरोबर नळीच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे आणि मगच फिल्टरची पेटी आतून पुसावी. हे कापड मागाहून काढायचे असते! म्हणून लाल रंगाची मोठी चिंधी घ्यावी आणि तिचे टोक बाहेर लोंबते ठेवावे. कापड काढल्यावर नळीच्या आत बोट फिरवून पाहावे. बोटाला धूळ लागली तर समजावे की मागच्या खेपेला फिल्टर नीट बसला नव्हता.

धुण्याला दोन पाणी लागतात. पहिले तेल सोडवणारे, दुसरे साबणाचे. फिल्टर धुण्याचे तयार द्रव बाजारात मिळते. ज्या कंपनीचे तेल त्याच कंपनीचे द्रव घेणे उत्तम. काही नव्या तेलांना तर त्यांची स्वतःची पावडर आणि कोमट पाणीच लागते. ते नसेल तर रॉकेल चालते. रॉकेल आता पूर्वीसारखे सहज मिळत नाही, म्हणून काही जण डिझेल वापरतात. त्यानेही तेल सुटते, मात्र त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि साबणाचे पाणी दोनदा द्यावे लागते. रॉकेल सुरक्षित म्हटले तरी ते उघड्यावर, अंगणात किंवा गॅलरीत वापरावे, जवळ विडी-काडी नको. आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४४-४५ वर जातो तेव्हा रॉकेलचाही भरवसा धरू नये.

रबरी हातमोजे घालावेत. फिल्टर पसरट टबात बुडवून दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. धुणे पिळतो तसा पिळू नये. आपल्या बायामाणसांचा हात धुण्यावर चांगला चालतो, पण इथे पिळले की शिवण सुटते. नंतर भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात तसेच दाबून काढावे आणि शेवटी आतल्या बाजूने पाणी सोडावे, म्हणजे घाण बाहेरच्या बाजूला जाते. बाहेरून पाणी मारले तर माती आत ढकलली जाते. कॉम्प्रेसरची हवाही मारू नये, फोम फाटतो. सावलीत टांगून पूर्ण वाळू द्यावा. उन्हात किंवा शेगडीपाशी नको. आत ओल राहिली तर तिथे तेल धरत नाही. वाळला की उजेडासमोर धरून पाहावा. कुठे चीर, कुठे शिवण उसवलेली, कुठे बोटाने चुरा होतो असे दिसले तर तो फेकून नवीन घ्यावा. शिवून किंवा चिकटवून वापरू नये.

तेल हे या कामातले मुख्य. शर्यतीच्या गाडीला फोम फिल्टरचे खास तेल द्यावे. ते चिकट असते, आणि बहुतेक तेलांना निळा, लाल किंवा हिरवा रंग दिलेला असतो, तो यासाठीच की कुठे लागले आणि कुठे राहिले हे डोळ्याला दिसावे. साधे इंजिन ऑइल दिले तर ते हळूहळू खाली ओघळते. वरचा भाग कोरडा पडतो आणि खालचा चिंब होतो. जुन्या आणि लहान गाड्यांच्या पुस्तकांत मात्र गिअर ऑइल किंवा इंजिन ऑइलच सांगितलेले असते. तिथे पुस्तकाप्रमाणे करावे. यामाहा आर.एक्स. १०० चालवणाऱ्यांना असा तेलाचा फोम ओळखीचा आहे.

दुधाच्या पिशवीपेक्षा मोठी, न फुटलेली प्लॅस्टिक पिशवी घ्यावी. फिल्टर आत ठेवून तेल ओतावे, तोंड बंद करून बाहेरून कणीक मळतो तसे हलक्या हाताने मळावे. हात माखत नाहीत, तेल वाया जात नाही, आणि रंग सगळीकडे सारखा येतो. पांढरे डाग दिसले तर अजून थोडे द्यावे. मग मुठीत दाबून जास्तीचे काढून टाकावे. टपकत असेल तर तेल जास्त झाले. त्याने हवा अडते, प्लग काळा पडतो, गाडी फटफट करते. तेलात एक पातळ करणारे द्रव्य असते, ते उडून जायला अर्धा-पाऊण तास द्यावा, त्यानंतर खरा चिकटपणा येतो. ओल्या तेलानेच फिल्टर बसवून गाडी ट्रॅकवर नेणे म्हणजे सारवलेली जमीन वाळायच्या आत पाहुण्यांना बसवणे.

बसवताना फिल्टरच्या काठाला, जिथे तो पेटीला टेकतो तिथे, ग्रीसची बारीक रेघ द्यावी. फोम कितीही उत्तम असला तरी काठावर केसाएवढी फट राहिली तर हवा तिथूनच जाणार. हवेला कष्ट आवडत नाहीत. स्क्रू आवळल्यावर चारी बाजूंनी बोट फिरवून खात्री करावी.

एक सावधगिरी. रस्त्यावरच्या पुष्कळ गाड्यांत आता कागदाचा फिल्टर असतो. हे सगळे वाचून कोणी तो धुवू नये. त्याला तेलही देऊ नये. तो बदलायचा असतो.

धुळीच्या ट्रॅकवर फिल्टर दर सरावानंतर बदलावा लागतो, आणि इथे मालकाशी बोलण्याची गोष्ट येते. दर गाडीमागे दोन-तीन फिल्टर असले तर धुऊन, तेल देऊन, पिशवीत बंद करून ठेवलेले तयार मिळतात आणि शनिवारची रात्र उरत नाही. बंगळूरचा सी. एस. संतोष २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. तसल्या लांब शर्यतीत रोजच्या मुक्कामावर फिल्टर बदलणे हे मदतनिसांचे ठरलेले काम असते. ते हलके काम कोणी समजत नाही. ताईंच्या मुलाने मालकाला नम्रपणे पण स्पष्ट सांगावे की धुण्याचे द्रव, हातमोजे आणि जादा फिल्टर गॅरेजने द्यावेत आणि हे काम गॅरेजच्या उघड्या जागेत, कामाच्या वेळेत होईल. घरी नेऊन रात्री केलेले कामही काम आहे आणि त्याची मजुरी असते. मालकाला हिशेब कळतो. एका बोअरचा खर्च त्याच्यापुढे मांडावा.

मळलेले रॉकेल मोरीत ओतू नये, गटारातून ते शेजारच्या दारापर्यंत जाते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवले की माती खाली बसते आणि वरचे निवळ पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला चालते. डब्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहावे. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरू नये. घरातले लहान मूल तहानेने तोंडाला लावते. तसे झालेच तर उलटी काढायचा प्रयत्न करू नये, मीठ-पाणी पाजू नये. उलटीबरोबर रॉकेल फुफ्फुसात उतरते. मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्यावी.