विलीनीकरणात संमती कोणाची?

तेल्हारा तालुक्यात आता तेल्हारा आणि हिवरखेड अशा दोन नगरपरिषदा आहेत. त्या उद्या एकत्र केल्या, तरी महापालिका होणार नाही; महापालिका कायद्यातील किमान तीन लाख लोकसंख्येची अट त्यांच्यापासून फार दूर आहे. वऱ्हाडाला विलीनीकरण मात्र नवे नाही. अमरावती व बडनेरा या नगरपालिका मिळून १९८३ मध्ये अमरावती महापालिका झाली.

पुढे १९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. लोकसंख्या, घनता, महसूल, बिगरशेती रोजगार हे निकष राज्यपालांनी विचारात घ्यावेत, असे अनुच्छेद २४३ क्यू सांगतो. अधिसूचना राज्यपालांच्या नावाने निघते, निर्णय अर्थातच राज्य सरकारचा असतो. हरकती मागवल्या जातात, संबंधित संस्थेशी विचारविनिमय होतो. परंतु विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, आणि नागरिकांचे मतदान घेण्याची तरतूद नाही. वसई-विरारमध्ये २००९ साली चार नगरपरिषदांबरोबर गावेही जोडली गेली आणि ती वगळण्याचा वाद उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला. अकोल्यात २०१६ च्या हद्दवाढीने लगतच्या गावांतील ग्रामपंचायती संपल्या. त्यांच्याबरोबर ग्रामसभेत उभे राहून थेट जाब विचारण्याचा ग्रामस्थांचा हक्कही गेला, आणि घरपट्टी ठरवण्याचा अधिकार महापालिकेकडे आला.